विलास, काकू पुढेच हव्या होत्या

विलास, राणी पडली!

आज रविवारी, सकाळी दहाच्या आत. बाराव्या प्रयत्नात. घाईघाईने लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. तू असतास तर म्हणाला असतास, "सुर्वे, हे अक्षर आहे की मुंग्या सुटल्यात?"

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेराव्याला जेवलेल्या माणसाने चार दिवसांत असं आनंदाने ओरडू नये, हे मला कळतं. पण ही बातमी सांगू कुणाला? राणी कोण, ती कुठे बसते, तिच्यापुढे आपण अकरा वेळा कसे चिरडले गेलो, हे ठाऊक असलेला अख्ख्या मीरा रोडमध्ये माझ्याशिवाय एकच माणूस होता. तोच नाही. म्हणून लिहितोय.

दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं सांगतो. तुला माहीत असलेलंच आहे, पण माझ्या तोंडून ऐक. आपण ज्याला 'सहा जण' म्हणायचो तो कॉम्प्युटरवरचा खेळ. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांब होतं की आपण ते कधी धड उच्चारलंच नाही. सहा माणसांची एक टोळी असते, ती गुहा, जंगलं, किल्ले पार करत शेवटी काळ्या राणीच्या दरबारात पोचते. लढाई सुरू झाली की स्पेसबार दाबायचा. दाबला की सगळं जागच्या जागी थांबतं. हवेतला बाण हवेत. मग एकेकाला हुकूम द्यायचा, तू इथे उभा राहा, तू त्याला औषध दे, तू मागून जा. पुन्हा स्पेसबार, की पुन्हा चालू. दोन क्षण लढाई, दहा मिनिटं भांडण, असा आपला हिशेब.

सहा जणांची नावं आपण ठेवली होती. ढालवाल्याचं नाव सेक्रेटरी, कारण आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखाच तो एकदा उभा राहिला की हलायचा नाही. जखमा बऱ्या करणाऱ्या बाई म्हणजे काकू. लपतछपत जाणारा वॉचमन. हे तिघे तुझे. माझ्याकडे मंत्र टाकणारा मास्तर, लांबून बाण मारणारा पोस्टमन, आणि जावईबापू. जावईबापूंकडे सगळ्यांत भारी तलवार होती आणि ते काहीच करत नसत. त्यात चूक त्यांची नव्हती. त्यांना काय सांगावं हे मला सुचायचं नाही.

चाळिशी ओलांडलेले दोन बाप्ये दर रविवारी नऊ वाजता एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या मांडून बसतात, याचं बिल्डिंगला फार हसू यायचं. आमची ही म्हणायची, "तुमच्यापेक्षा पोरं बरी. ती निदान खाली उन्हात तरी खेळतात." तू तिला गंभीरपणे सांगायचास, "वहिनी, आम्ही खेळत नाही आहोत. आमची मीटिंग चालू आहे."

आणि साडेनऊला पाणी यायचं. चाळीस मिनिटं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला की तू स्पेसबारवर थाप मारायचास आणि मी स्वयंपाकघरात पिंप भरायला पळायचो. राक्षसाने उगारलेली कुऱ्हाड तशीच उगारलेली. पिंप भरून, बादल्या भरून, ओले हात पुसत मी परत यायचो आणि तू म्हणायचास, "चला, मरू या आता."

शेवटचा रविवार तुला आठवत असेल. अकराव्यांदा मेलो. राणी पहिल्याच दमात जो सगळ्यांत जवळ असेल त्याला गोठवते, हे तोवर आपल्याला कळलं होतं. जवळ कायम सेक्रेटरी. तो गोठला की तिचे पहारेकरी सरळ आत घुसायचे आणि मास्तर, पोस्टमन भुईसपाट.

तू म्हणालास, "काकूंना पुढे उभं करू."

"काय?"

"राणीला कुणीतरी गोठवायचंच आहे ना? मग काकूंना गोठवू दे. सुरुवातीला जखमी कोण असतं? कुणीच नाही. तेव्हा काकूंना कामच काय आहे? त्या सुटेपर्यंत सेक्रेटरी मोकळा राहतो."

"बाईमाणसाला पुढे करून मागे लपायचं? डोकं फिरलंय तुझं."

"सुर्वे, त्या काकू नाहीत. ते औषधाचं कपाट आहे."

"मी नाही करणार."

"तुझ्याकडे काकू आहेत कुठे? त्या माझ्याकडे आहेत."

"पण मेल्या तर सगळ्यांच्याच मेल्या ना!"

आपले आवाज एवढे चढले की समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून विचारलं, "सब ठीक है ना?" तेवढ्यात पाणी आलं. मी पिंपाकडे गेलो. परत आलो तेव्हा तू कॉम्प्युटर बंद करून उठला होतास. चेहऱ्यावर काहीतरी होतं. मला वाटलं, रागावलास. म्हणालास, "पुढच्या रविवारी बघू."

पुढचा रविवार आलाच नाही, विलास. तो मी येऊ दिला नाही. आता ते सांगतो.

त्या बुधवारी ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या सीडीवाल्याकडे 'सहा जण'चा दुसरा भाग दिसला. तुझा नियम मला पाठ होता, 'आधी हे संपवू, मग दुसरा.' पण तो पोरगेला माणूस म्हणाला, "ले जाओ साहब, इसमें दिमाग़ नहीं लगाना पड़ता." दिवसभर इन्शुरन्सचे क्लेम तपासून माझं डोकं भणभणत होतं. ते वाक्य मला एखाद्या निमंत्रणासारखं वाटलं. घेतला. घरी आलो तर हार्ड डिस्कवर जागा नाही. मी 'सहा जण'चा फोल्डर उडवला. विचार असा की खेळ काय, सीडीवरून परत टाकता येईल, आणि आपण सेव्ह केलेलं सगळं दुसरीकडे कुठेतरी असेल. ते दुसरीकडे नव्हतं. ते त्याच फोल्डरमध्ये होतं. सव्वा वर्षाचे रविवार, सहाच्या सहा माणसं, शेवटचं दार. एक बटण, आणि 'तुम्हाला खात्री आहे का' असं विचारल्यावर मी हो म्हटलं.

रविवारी नऊला तू आलास. काखेत ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी होती. मी दारातच म्हणालो, "कॉम्प्युटर बिघडलाय रे." त्याच्या पुढच्या रविवारी म्हणालो, "पार्ट मिळत नाहीये." तिसऱ्या रविवारी तू विचारलंस, "मी बघू का उघडून?" तेव्हा मी ते बोललो. "जाऊ दे ना विलास. कंटाळा आलाय मला. किती दिवस तेच तेच."

तू गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतलीस आणि म्हणालास, "बरं."

एकदा, फक्त एकदा, तू दुसरा भाग पाहिलास. काहीतरी निमित्ताने आला होतास आणि मी खेळत होतो. कॉम्प्युटर कधी दुरुस्त झाला, हे तू विचारलं नाहीस. अर्धा तास शेजारी बसलास. खेळ दिसायला सुंदर होता, गवत वाऱ्यावर हलायचं. पण त्यात माझ्या हातात एकच माणूस. बरोबर एक बाई चालायची, ती स्वतःच लढायची, कुणाला मारायचं ते स्वतःच ठरवायची. स्पेसबार दाबला की तो थांबायचा नाही, उडी मारायचा.

तू विचारलंस, "हिला सांगायचं कसं, मागे राहा म्हणून?"

"सांगावं लागत नाही. तिचं ती बघते."

"आणि मेली तर?"

"लढाई संपली की आपोआप उठते."

"मग तिला जपायचं कशाला?"

तेवढ्यात पाणी आलं. मी सवयीने उठलो, पिंपाला नळी लावून परत येईपर्यंत माझा माणूस मेला होता. तू एवढा हसलास! म्हणालास, "ज्या खेळात पाणी भरायला उठता येत नाही, तो मीरा रोडच्या माणसासाठी नाही, सुर्वे." मग हसणं थांबवून म्हणालास, "आम्ही कारखान्यात डाय-साचे बनवतो ना, त्यात पण असंच असतं. काम सोपं करणं वेगळं आणि माणसाच्या हातून काम काढून घेणं वेगळं."

मी तुला म्हातारा म्हणालो. जगाबरोबर चालायला शीक म्हणालो. माझंही काही चुकत नव्हतं, हे आजही सांगतो. जुन्या खेळात दर वेळी सहा पिशव्यांतून औषधाच्या बाटल्या शोधण्यात अर्धा तास जायचा, त्यात कसले आलेत डावपेच? ते गेलं ते बरंच झालं. या मुद्द्यावर तू वर भेटलास तरी मी भांडणार आहे.

पण खरं कारण ते नव्हतं. दुसरा भाग मला आवडला, कारण त्यात मला तुला विचारावं लागत नव्हतं. 'सहा जण'मध्ये दर वेळी तुझं बरोबर निघायचं. मी जावईबापूंना कोपऱ्यात उभं करायचो, म्हणजे निदान चूक तरी होणार नाही. दुसऱ्या भागात कोपराच नव्हता. बटण दाबत राहिलं की कुणीही जिंकतो. मी तो खेळ एकट्याने संपवला. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आणि आज, खोटं नाही सांगत, त्या बरोबर चालणाऱ्या बाईचं नाव मला आठवत नाही.

आठ महिने. जिन्यात भेटलो की "काय म्हणतोस" आणि "चाललंय." रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू, फोल्डर उडाला म्हणून. त्यात सांगायला अवघड काय होतं? पण पहिल्या रविवारी नाही सांगितलं म्हणून दुसऱ्या रविवारी जड झालं, आणि मग जडच होत गेलं. नंतर एका दुपारी हाटकेश भागातल्या तुझ्या कारखान्यातून फोन आला, की डबा उघडून बसला होता, घास हातातच राहिला.

आता परवाचं. शोभावहिनी संध्याकाळी दारात आल्या. हातात तीच गुंडाळी आणि एक पिवळं पाकीट.

"भाऊजी, ह्यांच्या कपाटात होतं. तुमचं दिसतंय."

पाकिटावर तुझं ते ड्रॉइंगवरचं अक्षर, पट्टी लावून काढल्यासारखं. 'सहा जण. शेवटचं दार. दुसरी प्रत.' आत एक फ्लॉपी.

दुसरी प्रत! अरे, मला माहीत होतं की! कारखान्यात तू एकही ड्रॉइंग दुसरी प्रत काढल्याशिवाय सोडत नसायचास, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी फ्लॉपी घेऊन फिरायचास, त्यावरून मी तुझी टिंगल केलेली आहे. मी पिंप भरत असताना तू दर रविवारी काय करत होतास, हे मला आठ महिन्यांत एकदाही सुचू नये? मी नुसतं म्हणालो असतो, "विलास, फोल्डर उडाला," तर तू खिशात हात घालून म्हणाला असतास, "बरं, ही घे." संपलं असतं. पाच मिनिटांचं काम.

वहिनींना सगळं सांगितलं. चुकून उडवलं ते, बिघडलाय म्हणालो ते, कंटाळा आला म्हणालो ते. त्या उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "ते मला म्हणाले होते. सुर्वेला खेळाचा नाही, माझा कंटाळा आलाय."

विलास, यावर मी काय लिहू? तुझा कंटाळा मला एक दिवसही आला नव्हता. हे तुला सांगायला आठ महिने होते, आणि जिना फक्त बावीस पायऱ्यांचा.

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "आता चालू होईल का ते?"

"फ्लॉपीचा भरवसा नसतो, वहिनी. पण बघतो."

"रविवारी येते मी. सव्वा वर्ष माझा माणूस तुमच्या घरात बसायचा. काय होतं ते एकदा बघू दे मला."

दुसरा भाग उडवला. या वेळी हात जराही अडखळला नाही. 'सहा जण'ची सीडी माळ्यावरच्या खोक्यात सापडली. आज सकाळी नऊला वहिनी आल्या आणि तुझ्या खुर्चीत बसल्या. मी फ्लॉपी घातली. कर्र, कर्र, कर्र. मग काहीच नाही. आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. परत कर्र. आणि आले! सेक्रेटरी, वॉचमन, मास्तर, पोस्टमन, जावईबापू, सगळे दरबाराच्या दारात, जसेच्या तसे, आणि त्यांच्या पुढे, चार पावलं पुढे, एकट्या उभ्या काकू.

चोरा! मी पिंप भरत होतो तेव्हा तू काकूंना पुढे नेऊन सेव्ह केलंस! म्हणून तो चेहरा! तो राग नव्हता, तू हसू दाबत होतास. मी इतका मोठ्याने हसलो की वहिनी दचकल्या, आणि मग कारण कळल्यावर त्याही हसल्या. सतराव्या दिवशी तुझ्या बायकोला तू हसवलंस.

मग गुंडाळी उघडली. तुझ्याशिवाय असं कोण करेल? दरबाराचा नकाशा, मापात, खांबन्‌खांब. सहा वर्तुळं. काकू, सेक्रेटरी, वॉचमन, तिघांच्या वाटा बाण काढून दाखवलेल्या, प्रत्येक बाणावर आकडा, पहिल्या थांब्याला, म्हणजे पहिल्या स्पेसबारला कुठे, दुसऱ्याला कुठे, चौथ्याला कुठे. आणि माझ्या तिघांच्या वर्तुळांपाशी एकही बाण नाही. शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, 'सुर्वे ठरवेल.'

मी ते दोनदा वाचलं. वहिनींनीही वाचलं. "मग ठरवा की," त्या म्हणाल्या.

सुरू केलं. राणी उठली आणि काकू गोठल्या, अगदी तू म्हणाला होतास तशा! वहिनींनी स्पेसबार दाबला. त्या नकाशा वाचून सांगायच्या, "सेक्रेटरी डावीकडच्या खांबाला," आणि मी तसं करायचो. पहारेकरी आले ते सरळ सेक्रेटरीवर आदळले. तो हलला नाही! मास्तरांना मी मागच्या पायरीवर चढवलं. पोस्टमनला उजवीकडे. वहिनी आता खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. "भाऊजी, तो बघा, तो मागून येतोय! थांबवू? थांबवू?"

"थांबवा!"

"हा जावई काय करतोय कोपऱ्यात?"

"त्यांना काही सांगितलेलं नाही अजून."

"मग सांगा! एवढी मोठी तलवार घेऊन नुसता उभा आहे मेला!"

चौथ्या थांब्याला काकू सुटल्या. तोवर सेक्रेटरी जेमतेम उभा होता, पोस्टमन पडला होता. काकूंनी सेक्रेटरीला सावरलं. वॉचमन तुझ्या बाणाबाणाने राणीच्या मागे पोचला आणि तिने त्याच्याकडे तोंड फिरवलं. तिथे तुझा नकाशा संपतो. राणीची पाठ माझ्याकडे, जीव थोडा राहिलेला, आणि पुढे काय ते लिहिलेलं नाही. मास्तरांचा मंत्र टाकावा तर वॉचमनही जळतो. जावईबापूंना पाठवावं तर मास्तर उघडे पडतात.

आणि नळ वाजला.

वहिनींनी स्पेसबारवर थाप मारली. हुबेहूब तुझ्यासारखी, पंजा पसरून. "तुम्ही बसा, मी लावते नळी," म्हणत त्या आमच्या हिच्या मागोमाग आत गेल्या सुद्धा.

मी एकटा राहिलो. पाच जण उभे, एक पडलेला, राणीचा हात वर. तुझी खुर्ची रिकामी. सव्वा वर्षात त्या थांबलेल्या पडद्यासमोर एकटा मी कधी बसलो नव्हतो, तू बसायचास. मी मोठ्याने म्हणालो, "विलास, फोल्डर मी उडवला. चुकून. तुला सांगायला घाबरलो." आतून पाण्याचा आवाज येत होता. मग मी ड्रॉवरमधून एक कोरी फ्लॉपी काढली, आहे तिथेच सेव्ह केलं आणि दुसरी प्रत काढली. पाकिटावर नाव घातलं. अक्षर तुझ्यासारखं नाही आलं.

मग जावईबापूंना कोपऱ्यातून बाहेर काढलं आणि सांगितलं, काय करायचं ते.

वहिनी ओले हात पुसत परत आल्या, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याकडे बघत विचारलं, "ठरवलंत?"

"हो."

"चला मग," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्पेसबार दाबला.